‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ याच्या पुढे काय लिहायचं? आठ ओळींच्या कवितेचं रसग्रहण

‘प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे अतिशय सुंदर व मनोहारी वर्णन केले आहे.’ नववी-दहावीच्या मराठीच्या वहीत हे वाक्य एकदा तरी सापडतंच. त्यात चूक काही नाही. अडचण एवढीच, की कवितेचं पान न उघडताही ते लिहिता येतं. पावसावरची कविता असो, नदीवरची असो किंवा माळरानावरची, वाक्य तेच राहतं.

म्हणून एक सोपी कसोटी. रसग्रहणातलं वाक्य लिहून झालं की त्याच्यासमोर मनातल्या मनात दुसरीच एखादी कविता ठेवायची. वाक्य तिलाही तितकंच शोभत असेल तर ते खोडायचं. पहिल्यांदा असं केलं की बहुतेक वहीत दोन-तीन वाक्यं उरतात, आणि मुलाचा चेहरा पडतो. पडू द्यावा. खरं काम तिथूनच सुरू होतं.

पुढचं सगळं, मुलाशेजारी बसून ‘रसग्रहण कसं लिहू?’ या प्रश्नाला उत्तर देऊ पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे. आई-बाबा, मावशी, काका, शिकवणीच्या बाई, कुणीही. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे असतात. ही नावं ऐकून मुलं बिचकतात, पण त्यामागचे प्रश्न साधे आहेत. कवितेत काय आहे? ते कशा प्रकारे मांडलंय? आणि ज्या शब्दांत मांडलंय त्या शब्दांनी काय केलं? तिन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी मिळतात, ओळींमध्ये. गाइडमध्ये नाही, आणि कवीच्या चरित्रातही नाही.

नमुन्यासाठी बालकवींची ‘औदुंबर’ घेऊ. आठच ओळी आहेत आणि एकही शब्द फारसा कठीण नाही. तरीही या कवितेवर मराठी समीक्षकांनी इतकं लिहून ठेवलंय की मुलानं ते आधी वाचलं तर स्वतःचं काही सुचायचं नाही. तेव्हा आधी कविता.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

(पाठ्यपुस्तकागणिक एखादा ऱ्हस्व-दीर्घ इकडचा तिकडे दिसेल. त्यानं पुढच्या म्हणण्यात फरक पडत नाही.)

पहिल्यांदा मोठ्यानं वाचायचं, आणि मुलानंच वाचायचं. आपण वाचून दाखवलं की आपला अर्थही आवाजाबरोबर त्याच्या कानात जातो. दोनदा वाचून झाल्यावर ‘काय अर्थ आहे?’ हा प्रश्न गिळून टाकायचा आणि त्याऐवजी कोरा कागद पुढे सरकवायचा. ‘यातली जागा काढ बघू. झरा कुठे, गाव कुठे, वाट कुठून कुठे जाते?’

चित्र चांगलं यावं म्हणून हे करायचं नाही. कागदावर जागा ठरवायची म्हटली की नुसतं डोळ्यांखालून गेलेलं सगळं परत वाचावं लागतं. गाव ‘पैल’ टेकडीकडे आहे, म्हणजे पाहणारा अलीकडे आहे. गावापुढे शेतं आणि मळे, त्यातून वाट, पुढे कुरण, मग डोह, आणि डोहाच्या कडेला झाड. ‘बेटाबेटातुन’ शब्दाशी मुंबई-पुण्याकडचं मूल हमखास अडखळतं. त्याच्या डोक्यात समुद्रातलं बेट असतं. झाडाझुडपांच्या दाट गर्दीलाही आपण बेट म्हणतो, बांबूचं बेट म्हणतो तसं, हे सांगायला हरकत नाही. ‘झाकळणे’ हाही शब्द त्यांनी ऐकलेला नसतो. आभाळ झाकळून येतं, उजेड मंदावतो, ते झाकळणं. आणि औदुंबर म्हणजे उंबर. ते पाण्याच्या आसपास छान वाढतं, घनदाट सावली धरतं, त्याची फळं थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसानं लगडतात. जवळपास कुठं असेल तर दाखवून आणावं. कवितेत मात्र यातलं एकही फळ नाही, हे लक्षात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

शब्दांचे अर्थ सांगायला लाजू नये. मूल स्वतः शोधेल म्हणून वाट बघत बसण्यात वेळ जातो. शब्दाचा अर्थ द्यावा, ओळीचा अर्थ देऊ नये, एवढं पथ्य पुरे.

आता याद्या. हा भाग मुलांना आवडतो, कारण यात उत्तर चुकण्याची भीती नसते. पेन घ्यायचं आणि कवितेतले सगळे रंग लिहायचे. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. आठ ओळींत सात वेळा रंग. एवढ्यावर ‘कवीने विविध रंगांचा वापर केला आहे’ असं लिहून मूल मोकळं होतं, आणि आपण नेमकं तिथंच त्याला अडवायचं. रंग आहेत हे कळलं. ते कुठल्या क्रमानं आलेत? सुरुवातीला हिरवा आणि निळसर, मध्ये हिरव्यावर एकच पांढरी रेघ, आणि शेवटच्या ओळींकडे जाताना काळा. ‘काळ्या डोहाकडे’नंतर हिरवा पुन्हा येत नाही. शेवटच्या ओळीत तर रंगच नाही. कविता हळूहळू अंधारत जाते आणि कुठेही ‘संध्याकाळ झाली’ असं म्हणत नाही. मुलानं हे पाहिलं, तर ‘विविध रंग’पेक्षा फार पुढचं वाक्य त्याच्या हाती आलं.

दुसरी यादी क्रियापदांची. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, वाट चालते, आणि शेवटी झाड बसतं. इतका वेळ सगळं कुठे ना कुठे निघालेलं असतं, आणि जिथं सगळं पोचतं तिथं कुणीतरी बसलेलं आहे. ‘वाहतो’पासून ‘बसला’पर्यंतचा हा उतार आठ ओळींत किती सहज साधलाय, हे पाहून मला दरवेळी नवल वाटतं.

तिसरी यादी माणसांची. ‘या कवितेत माणसं किती?’ असं विचारलं की मूल थोडा वेळ शोधतं आणि म्हणतं, ‘एकही नाही.’ बरोबर. चार घरं आहेत, म्हणजे माणसं असणार. शेतं आहेत, म्हणजे कुणीतरी ती कसली असणार. पायवाट आहे, म्हणजे हजारदा कुणाचे तरी पाय तिथून गेले असणार. पण दिसत कुणीच नाही. ‘पाय’ हा शब्द कवितेत दोनदा येतो. एकदा ‘पायवाट’मध्ये आणि एकदा ‘पाय टाकुनी’मध्ये. पहिल्या ठिकाणी पाय माणसांचे आहेत पण माणसं नाहीत, आणि दुसऱ्या ठिकाणी पाय दिसतात ते झाडाचे. हे मुलानं स्वतः हेरलं तर मध्ये बोलू नये. लिहू द्यावं.

आणि कवितेत ‘मी’ही नाही. ‘मला वाटले’, ‘माझे मन’ असं काही नाही. त्यामुळे उत्तरात ‘कवी म्हणतो की मी झऱ्याकाठी बसलो होतो’ असं लिहिलं तर ते कवितेत नसलेलं झालं. ही चूक इतकी सर्रास आढळते की तपासणारे बहुधा आता त्याकडे दुर्लक्षच करत असावेत.

आता कानाकडे वळू. ‘भाषिक वैशिष्ट्ये’ या मुद्द्याखाली मुलं ‘कवितेत यमक साधले आहे’ असं लिहून पुढे जातात. यमक कुठं कुठं जुळतंय ते तरी पाहू. घेऊन-बेटाबेटातुन, हे झालं एक. टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे, या चारही ओळी जवळपास एकाच ठेक्यात संपतात. मग लाटांवर-औदुंबर. म्हणजे यमकानं कविता दोन, चार आणि दोन ओळींत विभागली जाते. आधी झरा, मध्ये गावापासून डोहापर्यंतचा सलग टप्पा, शेवटी झाड. कागदावर मुलानं काढलेला नकाशाही असाच आहे. आता ‘यमक साधले आहे’च्या पुढे त्याला लिहायला काहीतरी आहे.

‘ळ’ कुठे कुठे येतो तेही मोजून पाहावं. हिरवाळी, निळासावळा, शेतमळे, काळ्या, आणि मग सातव्या ओळीत एकदम तीन वेळा, झाकळुनी, जळ, काळिमा. जिथं पाण्यावर सावली पसरते तिथंच हा मऊ वर्ण सर्वांत जास्त गोळा झालाय. कवीनं तो मोजून घातला असं लिहू नये, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. ‘त्यामुळे ओळ संथ, जड वाटते’ एवढं मात्र लिहिता येतं, कारण ते कुणीही वाचून पडताळू शकतं.

वृत्ताचं थोडं अधिक सविस्तर सांगतो, कारण मला स्वतःला या कवितेत सर्वांत जास्त मजा तिथं आली. शाळेत मात्रा मोजायला शिकवतात. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अनुस्वाराच्याही दोन, जोडाक्षराआधीच्या ऱ्हस्वावर आघात येत असेल तर त्याच्याही दोन, ओळीच्या टोकाचं ऱ्हस्व गरजेप्रमाणे दीर्घ धरायचं. हे एकदा शिकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इथं ते वापरून बघू. ‘ऐल तटावर’ म्हणजे दोन, एक, एक, दोन, एक, एक, एकूण आठ. ‘पैल तटावर’ पुन्हा आठ. ‘हिरवाळी घेऊन’ अकरा. एकूण सत्तावीस. बाकीच्या ओळी मोजल्या तर त्याही सत्तावीसच भरतात. (‘शेतमळ्यांची’मधला ‘म’ जोडाक्षराच्या आधी आहे, पण म्हणताना त्यावर आघात येत नाही, म्हणून त्याची एकच मात्रा धरायची. हुशार मुलं इथं हटकून भांडतात.)

आता बहुतेक ओळी म्हणताना आठ मात्रांवर आपण किंचित थांबतो, आणि तिथं शब्दही संपतो. ‘ऐल तटावर | पैल तटावर’. ‘निळासावळा | झरा वाहतो’. ‘चार घरांचे | गाव चिमुकले’. ‘शेतमळ्यांची | दाट लागली’. पाचव्या ओळीशी मात्र हे बिघडतं. ‘पायवाट पां | ढरी’. आठवी मात्रा ‘पांढरी’ शब्दाच्या पोटात पडते. सहाव्या ओळीतही तेच, ‘हिरव्या कुरणा | मधुन चालली’, शब्द मध्येच दुभंगतो. आणि सातव्या ओळीपासून घडी पुन्हा बसते, ‘झाकळुनी जळ | गोड काळिमा’, ‘पाय टाकुनी | जळात बसला’.

ज्या दोन ओळींत थांबा शब्दाच्या आत पडतो, त्या दोन ओळी कशाबद्दल आहेत? पायवाटेबद्दल. ‘अडवीतिडवी’ पायवाटेबद्दल. वाट सरळ नाही असं शब्द सांगतात आणि चालही त्या दोन ओळींपुरती सरळ राहत नाही. हा योगायोग असेलही. पण मुलाला हे बोटांवर मोजून दिसलं, तर वृत्त हे नुसतं नाव पाठ करायचं प्रकरण नसतं हे त्याला आयुष्यभर लक्षात राहील. उत्तरपत्रिकेत यासाठी एक वाक्य पुरे. अख्खं गणित तिथं उतरवू नये.

अलंकारांची गोष्ट वेगळी. मुलांना अलंकारांची नावं येतात, बहुतेकदा फक्त नावंच येतात. ‘येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे’, म्हणजे माणूस नसलेलं काहीतरी माणसासारखं वागतंय, असं लिहून वाक्य संपतं. नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी आहे, डबा उघडायचा राहूनच जातो. मुलाला विचारावं, झाडानं बसावं यात काय विशेष? झाड उभं असतं, आपण नेहमी ‘झाड उभं आहे’ असंच म्हणतो. बालकवींनी ते बसवलं, आणि नुसतं बसवलं नाही, पाय पाण्यात सोडून बसवलं. असं कोण बसतं? दमलेला माणूस बसतो. ज्याला कुठं जायचं नाही असा माणूस बसतो. नदीच्या घाटावर म्हातारी माणसं बसतात. एकटं राहावंसं वाटणारं कुणी बसतं. मुलाला यातलं जे सुचेल ते लिहू द्यावं, मग प्रश्न एकच, ‘कुठल्या शब्दावरून असं म्हणतोस?’

सातव्या ओळीत ‘गोड काळिमा’ आहे. ‘काळिमा’ आपण एरवी कुठं वापरतो? घराण्याच्या नावाला काळिमा फासला, असं. शब्दाला बदनामीचा वास आहे. त्याच्याआधी ‘गोड’ ठेवलं. याला विरोधाभास म्हणता येईल, पण नाव देण्याआधी या जोडीनं काय केलं ते पाहावं. सहाव्या ओळीत डोह ‘काळा’ आहे, जरा भीती वाटावी असा. पुढच्याच ओळीत तो काळेपणा गोड होतो. डोह बदललेला नाही, त्यावर आता झाडाची सावली आहे.

पण सावली झाडाची आहे हे आपण कशावरून ठरवलं? मुलाला सातव्या ओळीतला कर्ता शोधायला सांगावं. व्याकरणाच्या तासाला कंटाळणारी मुलंही इथं सरसावून बसतात. ‘झाकळुनी जळ’, कोण झाकळतं? ‘काळिमा पसरी’, कोण पसरवतं? ओळ संपली तरी उत्तर मिळत नाही. ते मिळतं आठव्या ओळीच्या शेवटच्या शब्दात. म्हणजे शेवटच्या दोन ओळी मिळून एकच वाक्य धरलं तर झाड दोन गोष्टी करतं, पाणी झाकोळतं आणि बसतं. काळिमाच आपणहून पसरतो असाही अर्थ लावता येतो. दोन्ही चालतात. कुठलाही घ्यावा, पण तो घेतल्याचं उत्तरात दिसावं.

आणि ज्याच्या नावानं कविता आहे तो औदुंबर कवितेचा अगदी शेवटचा शब्द आहे. शीर्षक वाचल्यापासून आपण त्याची वाट बघतो, आणि साडेसात ओळी कवी दुसरंच काहीतरी दाखवत राहतो. तो आला तेव्हा तरी त्याचं वर्णन आहे का? उंच, डेरेदार, फळांनी लगडलेला, काही नाही. मघाशी ज्या फळांचं म्हटलं ती नाहीत, पानं नाहीत, रंगही नाही. आहे तो ‘असला’. म्हणजे कसला? असा, हा आत्ता दाखवला तसा. आधीचं सगळं चित्र त्या एका शब्दात झाडाच्या पाठीशी येऊन उभं राहतं.

एवढं झालं की मग अर्थाकडे जावं. आता मुलाला सांगायला हरकत नाही की या झाडाचे अनेक अर्थ लावले गेले आहेत. कुणाला त्यात जगाकडे पाठ फिरवलेला विरक्त दिसला, कुणाला निवांतपणा, कुणाला उदासी, कुणाला काळ्या डोहाच्या रूपानं मृत्यू. आपल्याकडे औदुंबर म्हटलं की दत्त आठवतात, नरसोबाची वाडी आठवते, कृष्णाकाठचं औदुंबर गाव आठवतं. हे मनात येणं स्वाभाविक आहे आणि एका वाक्यात लिहायलाही हरकत नाही. पण कवितेत दत्त नाहीत, पादुका नाहीत, पूजा नाही. तेव्हा उत्तराचा पाया त्यावर रचू नये.

कवीच्या चरित्राबाबत तर अधिकच सांभाळावं. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, खानदेशातलं धरणगाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात ते गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. हे वाचलं की मुलं लगेच लिहितात, ‘कवीला आपल्या मृत्यूची चाहूल लागली होती म्हणून त्याने काळा डोह लिहिला.’ अपघात कुणाला आधी कळत नाही. काळ्या डोहात मृत्यू वाचायचा असेल तर जरूर वाचावा, पण मग ‘गोड’ या शब्दाचं काय करायचं तेही सांगावं लागेल. त्या शब्दाला वळसा घालून गेलेला अर्थ पांगळा राहतो. उलट नुसतं ‘निवांत, आनंदी दृश्य’ म्हणणाऱ्यालाही ‘काळ्या’ आणि ‘काळिमा’ यांना उत्तर द्यावं लागेल. आपल्या अर्थाला न मानवणारा शब्द शोधून त्याच्याशी दोन हात करायचे. रसग्रहण आणि स्तुती यांत फरक इथं पडतो, असं मला वाटतं.

मग लिहिणं. बोलताना ‘झाड बसलंय’ चालतं, उत्तरात ‘झाड बसले आहे’ लिहायचं, ही सवय मुलांना असतेच. शिकवावी लागते ती दुसरी गोष्ट. आपलं मुख्य म्हणणं पहिल्याच वाक्यात यावं. कविता पुन्हा गद्यात सांगत बसू नये. ‘पहिल्या ओळीत झरा आहे, दुसऱ्या ओळीत…’ असं आठव्या ओळीपर्यंत गेलं की वेळही संपतो आणि जागाही. अवतरण घ्यायचं ते दोन-तीन शब्दांचं. पूर्ण कडवं उतरवून कुणाचे गुण वाढत नाहीत.

वर जे जे सापडलं त्यातून एखादं मूल असं काही लिहू शकेल:

‘औदुंबर’ ही कविता वाहत्या झऱ्यापासून सुरू होते आणि बसलेल्या झाडापाशी थांबते. झरा ‘वाहतो’, पायवाट ‘चालली’ आहे. घरे आणि शेते आहेत, पण माणूस एकदाही दिसत नाही. शेवटच्या ओळीत माणसासारखे वागणारे कोणी भेटते, तेव्हा तो औदुंबर असतो. ‘पाय टाकुनी जळात बसला’ या चेतनगुणोक्तीमुळे झाडाला सगळ्या धावपळीतून बाहेर पडलेल्या माणसाचे रूप येते. हिरव्या रंगापासून ‘काळ्या डोहा’कडे जाताना कविता गंभीर होते, परंतु ‘गोड काळिमा’ या शब्दांमुळे तो अंधार भीतिदायक राहत नाही. मला हे झाड दुःखी वाटत नाही. ते एकटे आहे आणि त्याला त्याची सवय झाली आहे.

शेवटची दोन वाक्यं कुणाला पटतील, कुणाला नाही. पण ती याच कवितेबद्दल आहेत, दुसऱ्या कुठल्या कवितेखाली बसायची नाहीत. सुरुवातीच्या कसोटीला ती उतरतात.

एक शंका राहते. प्रत्येक कवितेला याच याद्या चालतील का? नाही चालणार. बहिणाबाईंची ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर’ घेतली तर रंगांची यादी रिकामी राहील. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, बालकवींच्याच मुलखातल्या, पण कवितेचा बाज अगदी निराळा. तिथं विचारावं लागेल की बोलतंय कोण आणि कुणाशी. ‘अरे’ कुणाला उद्देशून आहे? उपमा चुलीवरच्या तव्याचीच का? ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ या दोन शब्दांनी चटके आणि भाकर यांचा क्रम कसा बांधला? ते दोन शब्द उलटे करून वाचलं तर काय होतं? एखाद्या कवितेत आवाज मोठा असतो, एखादीत चित्र, एखादीत युक्तिवाद. पहिल्या दोन वाचनांत मुलाचं लक्ष ज्या शब्दाशी अडलं, यादी तिथूनच सुरू करावी.

शेजारी बसणाऱ्यासाठी सगळ्यात अवघड काम गप्प राहण्याचं. मूल ‘झाड आजोबांसारखं बसलंय’ म्हणालं आणि आपल्या मनात विरक्त योगी असेल, तर जीभ वळवळते. तेव्हा ‘कुठल्या शब्दावरून?’ एवढंच विचारावं. ‘पाय टाकुनी’वरून, असं तो म्हणाला तर आजोबा उत्तरात जाऊ द्यावेत. ‘माहीत नाही, असंच’ म्हणाला तर कविता पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला सांगावी.